चिमटा, हातोडा आणि माझं कुरकुरणारं दार

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. दोन दारांचं, जाड लाकडाचं, उजव्या कोपऱ्यात थोडं उंदरानं कुरतडलेलं. तोंडं वाकडी करू नका! माझा आवाज तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेला आहे, फक्त तो माझा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

मला घडवणारा सुतार हाताचा पक्का होता, पण गप्पिष्ट. बोलता बोलता त्यानं डाव्या दाराची बिजागरी केसभर खाली बसवली. तेव्हापासून ते दार कुणी धरून ठेवलं नाही, तर हळूहळू आपलं आपण उघडतं आणि उघडताना 'कुर्रर्र' करतं. सुतार ओशाळला. पण मला विकत घेणारी शिवणकाम करणारी बाई हसून म्हणाली, "राहू द्या हो. घरात कुणीतरी माझ्याशी बोलेल."

ती बाई म्हणजे आमची आई. गिऱ्हाइकांचे जाडजाड लोकरी कोट ती माझ्या पोटात टांगायची. शेजारीच तिचं मशीन दिवसभर खडखडायचं. तिला एक लेक होती, आणि लेकीचा एक मामेभाऊ होता. तो तिच्याहून अवघ्या सहा महिन्यांनी मोठा. पण तेवढ्या भांडवलावर तो तिच्याकडून 'दादा' म्हणवून घ्यायचा!

दोघांना रॅपचं वेड लागलं. ठेक्यावर भराभर यमकं जुळवायची आणि दम न घेता म्हणायची. ती शब्दांनी चिमटे काढायची म्हणून ती 'चिमटा'. तो प्रत्येक ओळ ठोकून म्हणायचा म्हणून तो 'हातोडा'. पण गाणं रेकॉर्ड करायला बसलं की त्यात आईचं मशीन खडखडायचं आणि खोलीही घुमायची. मग एके दिवशी चिमटा माझ्यात शिरली. हँगरला माईक बांधला, त्यावर धुतलेला मोजा चढवला आणि कोटांच्या गर्दीत उभी राहून गायली. कोटांनी सगळा घुमारा गिळून टाकला. आवाज कसा स्वच्छ, जणू कानाशी बोलतेय!

तेव्हापासून रीतच पडली. एकानं आत गायचं, दुसऱ्यानं बाहेरून दार धरायचं. दार लावताना 'कुर्रर्र' व्हायचंच. ते काही केल्या गाण्यातून निघेना, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. आणि काय सांगू, लोकांना तेच आवडलं! कार्यक्रमात आधी माझी कुरकुर वाजायची आणि शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. मी घरच्या घरी फुगून जायचो. दमट दिवसांत लाकूड फुगतं ते वेगळं.

पण यशाला नजर लागायला वेळ लागत नाही. एका मोठ्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर 'चिमटा' हातभर अक्षरांत आणि 'हातोडा' मुंगीएवढ्या. तिनं ते पाहिलं आणि ती गप्प बसली. त्यानं ते पाहिलं आणि तो गप्प बसला नाही. त्यानं गाणंच काढलं:

"मोठ्या गप्पा मारते, जरा बाहेर ये ना,
कपाटातली वाघीण, डांबरगोळ्यांची सेना!"

गाण्यातून असं एकमेकांना सोलून काढण्याला त्यांच्या धंद्यात 'डिस' म्हणतात. चिमटा काय ऐकून घेणारी? आठवड्याच्या आत उत्तर आलं:

"हातोडा आला तोऱ्यात, एक घाव केला,
खिळा राहिला बाजूला, अंगठा सुजून गेला!"

झालं! त्यांच्या चाहत्यांचे दोन तट पडले. मुलाखती, टोमणे, उणीदुणी. लोकांना फुकटची करमणूक झाली. पण घरात तिनं 'दादा' म्हणणं सोडलं. 'तो' म्हणू लागली. मला ते फार लागलं.

डांबरगोळ्यांचा टोमणाही तिच्या जिव्हारी लागला होता. ती काचेच्या मोठ्या स्टुडिओत जाऊन गाऊ लागली. लोक म्हणाले, गाणं छान आहे, पण त्यात ती कुठे आहे? तिलाही ते कळत होतं आणि राग निघत होता माझ्यावर. "आई, हे धूड काढून टाक. मी तुला सरकत्या दारांचं नवं आणते," ती म्हणाली. जुनं सामान घेणारा शनिवारी येणार, असं ठरलं. मित्रांनो, माझा जीव चौकटीतल्या चौकटीत हलला.

शुक्रवारी भर दुपारी हातोडा आला. हातात नवं जाकीट, चेहरा चोरासारखा.

"आत्या, बाह्या लांब होतायत. आणि... पाच मिनिटं कपाटात बसू का?"

"चिमटी घरात नाही म्हणून आलास होय रे?"

"आत्या, दुसरीकडे कुठेच आवाज लागत नाही गं. शपथ!"

"बस बाबा. कोट चुरगळू नकोस."

तो आत शिरला, कानांवर हेडफोन चढवले आणि बहिणीविरुद्धचं सगळ्यात जहाल गाणं सुरू केलं. पण बाहेरून दार धरणार कोण? आतून धरायला कडी नाही. त्यानं बुटाच्या टोकानं दार ओढून धरलं. ठेका रंगात आला, पाय आपोआप ताल धरू लागला, आणि दार सुटलं. कुर्रर्र! पुन्हा ओढलं, पुन्हा सुटलं. हेडफोनमध्ये त्याला ऐकूच येईना. खरं सांगतो, मी मुद्दाम काही केलं नाही. पण फार वाईट वाटलं असंही नाही.

गाणं संपलं. हेडफोन काढले, पण रेकॉर्डिंग बंद करायचं तो विसरला. तेवढ्यात आईनं मशीनवरून विचारलं, "सोन्या, बाह्या किती लांब ठेवू रे?"

रागाच्या भरात माणूस शेवटपर्यंत ऐकत नाही. त्यानं गाणं तसंच्या तसं जगासमोर सोडलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तटांतले लोक पोट धरधरून हसत होते. ज्या कपाटाची टर उडवली, त्याच कपाटात बसून हातोडा गातोय! आणि वर 'सोन्या'!

शनिवारी सकाळी हमालांनी मला उचललं. दारापाशी पोचलो तोच चिमटा जिना चढत धावत आली. "थांबा! खाली ठेवा! काल त्याच्या गाण्यात याची कुरकुर ऐकली, आता नाही द्यायचं!" तिच्या मागोमाग हातोडाही हजर. कान लालबुंद.

"माझ्या कपाटात बसून मलाच शिव्या?" ती कडाडली.

"तुझं कसलं? आत्याचं आहे."

"मग आत्यालाच पोस्टरवर घ्या!" आई म्हणाली. "भांडा, पण कपाट मधे ठेवून. बसू दे त्या बिचाऱ्यांना, केव्हाचे उचलून उभेत."

मला खाली ठेवलं. मग तो हळूच म्हणाला, "नाव एवढंसं होतं. लोकांनी छापलं, त्याचं काही नाही. तू बघितलंस आणि बोलली नाहीस, ते लागलं."

तिचे डोळे भरून आले. "मला आवडलं होतं मोठं नाव," ती म्हणाली. "लाज वाटली, म्हणून तुझ्यावरच उखडले. चुकलं माझं."

सामान घेणारा भला माणूस. वातावरण निवळावं म्हणून म्हणाला, "न्यायचं नसेल तर निदान बिजागरीत दोन थेंब तेल सोडतो. कुरकुर बंद होईल."

"नको!" तिघंही एकदम ओरडली.

मला पुन्हा मशीनशेजारी उभं केलं. चिमटानं कोट बाजूला सारले, मोजा शोधला, माझ्यात शिरली आणि आतूनच म्हणाली, "दादा, दार धर."

त्यानं धरलं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिची कुरकुर एकदा नीट ऐका. तिच्यात तुमच्याच घरातलं कुणीतरी असतं. आणि आपलं माणूस आत गात असेल, तर नाव कुणाचं मोठं ते नंतर बघा. आधी बाहेरून दार धरा. ते आपलं आपण बंद राहत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?