पंचेचाळिसावं मिनिट

सभागृहातली माणसं त्यांना पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत, आणि साहेबांना ते कळलं तेव्हा राग यायचा सोडून बरंच वाटलं. शास्त्रीय संगीताची मैफल म्हणजे सुरुवातीचा पत्ता नाही नि शेवटाची खात्री नाही. संचालक झाल्यावर ही खोड त्यांनी मोडून काढली. मंचाच्या कडेला, फक्त कलाकाराला दिसेल असा लाल दिवा बसवला. वेळ संपली की दिवा लागणार, मग गाणारा कोणी का असेना. कार्यक्रम चालू असताना सगळ्यांचे फोन बंद, हाही नियम त्यांचाच.

त्यांना सूर लावायला शिकवलं ते थोरल्या भावानं. दादाला त्या मंचावर गायला मिळालं एकदाच, साठी उलटल्यावर, पाऊण तास. संथ आलापी रंगात आली, लोक पुढे सरकून बसले, आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला साहेबांनी बटण दाबलं. भावाला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणायला नको! दादानं दिव्याकडे पाहिलं, गाणं तिथंच थांबवलं, हात जोडले आणि तो उठला.

पुढची गायिका वाटेत अडकली होती. तसा निरोप साहेबांच्या फोनवर केव्हाच आला होता. फोन खिशात बंद. तासभर लोक रिकाम्या मंचाकडे बघत बसले. साहेबांनी दादाजवळ त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता दोन वर्षं गेली आणि दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दादाकडे गेले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बोलता येत नाही त्यांना, पण कान शाबूत आहेत. बोला काय ते."

साहेबांनी सगळं सांगून टाकलं. "चुकलं माझं, दादा. भाऊ म्हणून नाही, निदान गाणं म्हणून तरी थांबायला हवं होतं मी."

 दादानं बोटानं खूण केली, गा. आणि मांडीवर ठेका धरला.

साहेबांचा आवाज कापत कापत लागला. तीस वर्षांत लावला कुठे होता! दादानं डोळे मिटले, चेहरा उजळला. वहिनी दारातच थांबल्या. मिळाली बाबा माफी, असं वाटून साहेबांना भरून आलं.

पण जित्याची खोड! त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. क्षणभरच गेली, पण नेमके तेव्हाच दादानं डोळे उघडले होते.

ठेका थांबला. दादानं हात जोडले.