भिंतीवरची लेक

सकाळी दहा वाजले की इस्त्रीवाल्या मावशींच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आत एकच खोली, आणि तीत चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. सगळ्यांचे डोळे खाटेमागच्या भिंतीवर. तिथं खाटेपासून हातभर उंचीवर एक काळपट चेहरा उमटला होता. गोल कपाळ, निमुळती हनुवटी, दोन्ही बाजूंना मोकळे केस. थोड्या वेळानं त्याच्यावरून पाण्याचे ओघळ उतरू लागत.

"रडतेय बिचारी," कुणीतरी पुटपुटायचं आणि माणसं हात जोडायची.

मावशींची एकुलती एक लेक वर्षापूर्वी याच खाटेवर गेली. पाच महिने झिजत होती. मागं राहिली तिची सहा वर्षांची मुलगी, ठकी. जावयानं दुसरा संसार मांडला होता. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी भिंतीवर तो चेहरा दिसला. मावशींच्या हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच राहिली. जळक्या कापडाचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या.

अशा बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. चौथ्या दिवशी एक महाराज हजर झाले. भिंतीकडे बघून त्यांनी डोळे मिटले आणि प्रवचन झाडलं, "आत्मा म्हणजे वाफ. वाफेला वाफ भेटली की आकार येतो, वारा लागला की विरतो. खिडकी उघडलीत तर लेक दुसऱ्यांदा जाईल."

"मग आमच्या किटलीत रोज कोण येऊन जातं हो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. भक्तांनी त्याला दाराबाहेर नेऊन सोडलं.

खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या गेल्या. कोपऱ्यात शेगडीवर सुगंधी पाण्याचं पातेलं दिवसभर उकळू लागलं. धुतलेले कपडे आतच दोरीवर वाळत, कारण बाहेर वाळत घालायचे तर सारखं दार उघडावं लागे. मावशींना कशाचं काही वाटत नव्हतं. लेक समोर होती, एवढं त्यांना पुरत होतं.

ठकीला मात्र खोकला धरला. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी वगैरे?"

"नाही," मावशी म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांनी नातीकडं बघितलं नाही.

ठकी नऊ दिवस शाळेत गेली नाही, तेव्हा तिच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. दारातच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. पदरानं तो पुसून त्यांनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा भिंतीकडं. वाद घातला नाही. पिशवीतून प्लास्टिकचा एक तुकडा काढून चेहऱ्याशेजारी भिंतीला चारी बाजूंनी चिकटवला आणि "उद्या येते" म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत त्यांनी बर्फाच्या पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला खाटेवर ठेवला. जरा वेळानं पेल्यावर थेंब जमले आणि ओघळू लागले.

"हा कुणासाठी रडतोय?" बाईंनी विचारलं.

"पेल्यालाही आत्म्याची संगत लागली," महाराज म्हणाले.

"बरं. मग हे बघा." बाईंनी प्लास्टिकचा तुकडा सोडवला. खोलीकडची बाजू ओलीचिंब होती, भिंतीकडची कोरडी. "पाणी भिंतीतून आलं असतं तर मागं साचलं असतं. ते येतंय या हवेतून. पातेल्यातून, ओल्या कपड्यांतून, तुमच्या-माझ्या श्वासातून. ही भिंत बाहेरची, हिच्यावर ऊन पडत नाही. गार भिंतीला दमट हवा लागली की पाणी सुटणारच."

खोलीत चुळबुळ झाली. मावशींनी हळू आवाजात विचारलं, "आणि चेहरा?"

बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "ती भिंतीला डोकं टेकून बसायची का?"

"आडवं झालं की दम लागायचा तिला. पाच महिने बसूनच होती. मी रोज डोक्याला तेल लावून द्यायचे."

"ते तेल, तो घाम रंगात मुरला, मावशी. बुरशीला तिथं खायला मिळालं, ओल मिळाली, म्हणून ती तिथंच वाढली. खूण तिच्याच डोक्याची आहे. पण ती इथं नाही. आणि जे आहे, ते ठकीच्या छातीत जातंय."

महाराज उठले. "श्रद्धा नाही तिथं आम्ही थांबत नाही," म्हणाले, आणि चपला शोधायला निघाले. त्यांच्यामागून गर्दीही पांगली.

बाईंनी बादलीकडं हात नेला. "मी पुसते."

"नको," मावशी म्हणाल्या. "तिचं अंग मीच पुसायचे."

ठकीला शेजारी पाठवलं. खिडक्या उघडल्या. नाकाला फडकं बांधून मावशींनी साबणाच्या कोमट पाण्यात कापड बुडवलं. आधी केस पुसले, मग हनुवटी. कपाळापाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला. बाई पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग खाट भिंतीपासून हातभर पुढं आली, कपडे बाहेर वाळू लागले, इस्त्री चालू असली की खिडकी उघडी राहू लागली. शाळेतून आणलेल्या दमटपणा मोजायच्या यंत्राचा काटा पंच्याऐंशीवरून पन्नाशीत उतरला. ठकीची शिट्टी काही लगेच गेली नाही. दोन महिने औषध चाललं. पुढं एका दुपारी ती घराचा जिना न थांबता चढून आली. मावशी कपडे बाजूला सारून रडल्या. भिंत पुसतानाही त्या रडल्या नव्हत्या.

नंतरही माणसं येत राहिली. एक बाई लांबून आली होती. तिचा मुलगा गेला होता. कोरी भिंत बघून तिचा चेहरा उतरला. मावशींनी तिला पाणी दिलं, जवळ बसवलं.

"माझीही गेली बाई. भिंतीवर होती ती बुरशी. मी तिच्या पाया पडत होते आणि ती माझ्या नातीचा श्वास खात होती. कुणी काही दाखवलं की आधी विचारायचं, हे कशानं होतं? विचारल्यानं गेलेल्या माणसावरची माया कमी होत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी आणखी कोण आहे तुझ्या?"

"धाकटी आहे."

"मग तिच्याकडं जा," मावशी म्हणाल्या. "आणि खिडक्या उघड्या ठेव."