टायर माहेरचे

लग्नाला निघायचं म्हणून योगेश्वरी सकाळी अंगणात गाडी पुसत होती. तिची सहा वर्षांची रुचि आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती. चाकावरून ओला फडका फिरवताना योगेश्वरीचा हात थबकला. टायरच्या कडेला, आटलेल्या तळ्या-बोडीचा तळ तडकतो तशा बारीक भेगा होत्या. तिथंच चार आकडे उठलेले: ११०४. टायर बनल्याची तारीख, दोन हजार चारचा अकरावा आठवडा. तिच्या लग्नाचं वर्ष. आता दोन हजार बाराचा मे चालू होता.

तिनं नवऱ्याला, लोकेंद्रला दाखवलं. त्यानं नक्षीत बोट घालून पाहिलं. गाडी वर्षाचे दहा महिने शेडमध्ये झाकलेली, नक्षी शाबूत होती. नक्षी राहिली तरी रबर म्हातारं होतं, डांबर तापलं की फाटतं, असं ती म्हणाली. पंक्चरवाल्यानंही हेच सांगितलं होतं, हे त्यानं हसत कबूल केलं.

"मंग सांग ना तुह्या बाबूजीले. गाडी त्याइनंच देल्ली."

सासू फुलवंताबाई लुगडं सावरत बाहेर आल्या. "लेकीची चप्पल झिजली तं बाप नाई आणत का?"

गाडी हुंड्यात आलेली, म्हणून तिचं दुखणंही माहेरचं, असा त्या घरचा कायदा. बॅटरी, काच, सारं तिचे वडील ईश्वरदास मुकाट्यानं आणून देत आले. टायरांसाठी लोकेंद्र दोन वर्षं अडून बसला होता, पण ते योगेश्वरीनं माहेरी कळवलंच नव्हतं. गेल्याच महिन्यात मात्र त्यानं हौसेनं स्वतः गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवली.

लग्नाच्या दिवशी तमाशा नको म्हणून योगेश्वरी बसली. रुचिला मांडीवर घट्ट धरून चाकांचा आवाज ऐकत राहिली.

वाटेत कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबले, तेव्हा तिनं आधी चाकं पाहिली. मागच्या टायरला लिंबाएवढा फुगा आला होता. स्टेपनी त्याहून भेगाळलेली. तिनं रुचिला उतरवून घेतलं आणि आता या गाडीत बसणार नाही म्हणून सांगितलं. लोकेंद्रनं चारचौघांत सासऱ्यांना फोन लावला, तुमची पोरगी गाडीत बसत नाहीये, टायर पाठवता का, म्हणून विचारलं. पलीकडून 'आणतो' हेच उत्तर येणार, हे तिला पाठ होतं. तिनं फोन त्याच्या हातून घेतला.

"बाबूजी, आणू नका. या गाडीसाठी आता काईच आणू नका."

लोकेंद्र तावातावानं गाडीकडे गेला. योगेश्वरीनं सासूचा हात धरून विनवलं, तुम्ही तरी उतरा. त्यांनी हात झटकला.

"मी माह्या पोराच्या गाडीत बसतो."

मायलेकी मागून आलेल्या बसनं निघाल्या. दहा मिनिटांत बस थांबली. गाडी रस्त्याखालच्या धानशेताच्या बांधीत उलटी पडली होती. मागच्या चाकावर रबराच्या चिंध्या होत्या. फुलवंताबाई गेल्या होत्या. चेपलेल्या गाडीत गाणं चालूच होतं. लोकेंद्र बांधावर बसला होता, कपाळ रक्तानं भरलेलं. बायकोला पाहून तो म्हणाला,

"तुह्या बापानं टायर देल्ले असते तं माही माय वाचली असती."

जमलेल्यांतल्या दोन-तीन माना होकारानं हलल्या. त्या माना योगेश्वरी अजून विसरलेली नाही.

आता मांडवाबाहेर झेंडूचे हार घातलेली नवी गाडी दिसली, की ती नवरीच्या बापाजवळ जाते. लोक तोंड फिरवतात. काहींनी तिला पत्रिका देणंच सोडलं आहे. तरी ती जाते, रुचिचं बोट धरून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते,

"काका, हे टायर म्हातारे झाले की फोन तुम्हालेच येईल. तेव्हा नाई म्हणता येईल का? मंग आजच म्हणा ना."