चंद्रभानच्या खाटेवरचा चिमटा

मी चंद्रभानचा चिमटा बोलतोय. चुलीवरचा नव्हे. गोऱ्हे खच्ची करतात तो, हातभर दांड्यांचा, लोखंडी. लाज वाटत असेल तर इथंच पान उलटा.

कारंज्याच्या बाजारात चंद्रभाननं मला उचललं तेव्हा त्याला मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. तीस वर्षं आम्ही रोहण्याच्या आसपासची गावं पालथी घातली. गोऱ्ह्याला दोरखंडानं पाडायचं, चंद्रभानचा जोडीदार हेमराज शेपटीशी बसायचा, आणि चंद्रभान माझे दांडे दाबायचा. कट्ट. रक्त नाही, काही नाही. गोऱ्ह्याचे डोळे तेवढे पांढरे होत. तोवर चंद्रभान बिडी पेटवून मोकळा. दुसऱ्याचं दुखणं माणसाला बिडीएवढंच पुरतं.

पुढं ट्रॅक्टर आले, मी ओसरीतल्या खिळ्यावर गेलो. ऐन त्याच्या खाटेच्या वर.

गेल्या उन्हाळ्यात त्याची लघवी तुंबली. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मणक्यात उतरलाय. वाटा दोन. एकदाच ऑपरेशन करून दोन्ही अंडकोष काढून टाकायचे, नाहीतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, जन्मभर. काहीच केलं नाही तर पाय जातील, हेही डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

तो इंजेक्शन घेऊन आला. महिन्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या, रग गेली. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात शिरलं, सुईसुद्धा माझंच काम करते. पुढच्या सुईला तो गेलाच नाही.

त्याच्या बायकोनं, भागीरथानं, मला खिळ्यावरून काढून त्याच्या पुढ्यात आदळलं.

"इतके गोऱ्हे दाबले तुमी, एक तरी मेला काय? करून घ्या नं ऑपरेशन."

"ते ढोरं होते. मी माणूस आहो. हेमराज काय म्हणन मले?"

"अन् मी रांडमुंड झाली तं हेमराज येईन काय कुंकू लावाले?"

तिनं शिव्या दिल्या, उपास धरले, पाया पडली. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

कापूस वेचायला आला तेव्हा एका सकाळी तो खाटेवरून उतरायला गेला, तर पाय ओल्या पोत्यांसारखे खाली आले. दवाखान्यात म्हणाले, दुखणं कमी करू, पाय आता परत येणार नाहीत.

हेमराज भेटायला आला. खाटेच्या कडेला टेकला. मग खालच्या आवाजात बोलला.

"मलेबी हेच निंगालतं गड्या. तीन वर्षं झाले. मी काढून टाकले. गावात हर्निया सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं बे?"

"तू हासला असता."

आणि चंद्रभान हसला. खरंच हसला. खोकला येईस्तोवर, अंग कमरेपर्यंत हलेस्तोवर. कमरेखाली काहीच हललं नाही.

हेमराज चप्पल घालून गेला, तो पुन्हा आला नाही. आता भागीरथा एकटीच त्याला कुशीवर वळवते, एकटीच त्याचं हगणंमुतणं काढते. तो दाराकडे बघत हेमराजला बोलाव म्हणतो. ती दार लोटून घेते.

मला भंगारात घाला, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी हे ऑपरेशन लपवून बसला असेल, तर जा आणि आपल्या जोडीदाराला सांगून टाका. तो हसेल. हसू द्या. आपल्या पायांवर उभा राहून हसेल.