विहिरीवरची फुल्ल रेंज

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो. चौलच्या एका घरात ओटीच्या भिंतीवर, कॅलेंडराच्या शेजारी दोन खिळ्यांना टांगलेला. घरातल्या मोबाइलांना तारेशिवाय इंटरनेट पुरवायचं, एवढंच माझं काम. माझा एक अँटेना खिळखिळा झाला आहे आणि पांढऱ्या अंगावर पिवळट कळा आली आहे. इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, तिथे प्लॅस्टिकची काय कथा! मला कोणी बोलायला सांगितलेलं नाही. पण या घरातली एक गोष्ट फक्त दोघांना ठाऊक आहे. त्यातला एक मी, आणि दुसरा तोंड उघडायला तयार नाही. म्हणून बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलं होती आणि टोप्या, हातमोजे घातलेल्या मुली भराभर आमचे भाग जोडत होत्या. शेवटी मला एका बंद खोलीत नेऊन माझा आवाज, म्हणजे माझ्या लहरींचा जोर, मोजला गेला. तिथेच मला पहिला धडा मिळाला. हवा काही कोणाच्या बापाची नाही. शेजारच्या घरातला राउटर, विमानांना वाट दाखवणारी यंत्रं, पावसाचे ढग शोधणारी रडारं, सगळी याच हवेतून बोलतात. तेव्हा कोणी किती मोठ्याने बोलायचं आणि कोणत्या वाटेने बोलायचं, हे प्रत्येक देशाने कायद्याने ठरवून दिलेलं असतं. मला तो कायदा जाचक वाटला. तरुणपणी असले कायदे सगळ्यांनाच जाचक वाटतात.

अलिबागच्या एका दुकानातून यशोधनने मला विकत घेतलं आणि आईवडिलांच्या घरी आणलं. यशोधन पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरीला. त्याचे वडील अण्णा म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर, आणि आई प्रमोदिनी. घरामागे नारळ-सुपारीची वाडी. आमच्याकडच्या वाड्या अरुंद आणि लांब असतात. घर रस्त्याला लागून, मग गोठा, मग सुपारीची दाट झाडी, आणि पार टोकाला विहीर. अण्णा रोज चहा झाला की विहिरीवर जायचे, पंप सुरू करायचे आणि आळ्यांना पाणी सोडत बसायचे.

पहिली दोन वर्षं माझे फार लाड झाले. खंडेनवमीला अण्णांनी कोयता, पंपाचा पान्हा आणि मी अशा तिघांना एका पाटावर मांडून झेंडूचं फूल वाहिलं. पुढे मात्र माझ्या कंपनीने माझ्याकडे साफ पाठ फिरवली. माझ्या पोटात जी आज्ञावली असते, जिला फर्मवेअर म्हणतात, तिच्या दुरुस्त्या येणं थांबलं. मी मध्येच अडायचो, तापायचो. अण्णा मला बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि वर एक चापटही मारायचे.

"यशोधन, टाकून दे ना तो. नवीन घेऊन टाकू," त्याची बायको आश्लेषा एकदा म्हणाली.

"अगं, मशीन धडधाकट आहे. फक्त आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय," यशोधन म्हणाला, आणि मला खाली उतरवून मांडी घालून बसला.

त्याने माझ्या पोटात नवं फर्मवेअर घातलं. ते कोणा एका कंपनीचं नव्हतं. जगभरातल्या हौशी माणसांनी ते मिळून लिहिलेलं होतं, आणि त्यातली ओळ न् ओळ कोणालाही वाचता येत होती, बदलता येत होती. ओपन सोर्स म्हणतात त्याला. मित्रांनो, त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांनी मला बनवलं त्यांनी मला भंगारात काढलं होतं, आणि ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी मला पुन्हा उभं केलं. तेव्हा पुढचं ऐकून कोणी त्यांना बोल लावू नका. त्या फर्मवेअरने पहिलाच प्रश्न विचारला होता, की तू कोणत्या देशात आहेस? यशोधनने भारत म्हणून सांगितलं आणि सगळं नीट चाललं.

अडचण होती ती विहिरीची. तिथे माझा आवाज पोचत नव्हता. मोबाइलच्या टॉवरची रेंज तिथे जेमतेम एक दांडी, पण तेवढ्यावर अण्णांचा फोन लागायचा. खरखर व्हायची, 'हॅलो हॅलो' करावं लागायचं, तरी लागायचा. यशोधनला मात्र ते पटत नव्हतं.

"अण्णा, तुम्ही तिकडे एकटे असता. काही झालं तर?"

"काय व्हायचंय मला? आणि शेजारच्या वाडीत नामा असतोच की."

नामा म्हणजे आसपासच्या वाड्यांचे नारळ उतरवणारा. तो अंगणातूनच म्हणाला, "मास्तर, मी न्हेमी हाय व्हय? माडावर चढलो का मला खालचा कायपण ऐकाय येत न्हाय."

यशोधनने ते मनावर घेतलं. त्याने पुन्हा माझ्यासमोर बैठक मारली आणि देशाच्या रकान्यात भारताच्या जागी भलत्याच देशाचं नाव घातलं, जिथे मोठ्याने बोलायची मुभा होती. मी भिंतीवरून हललोही नाही आणि कागदोपत्री परदेशी झालो. मग त्याने माझा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. शेजारच्या घरात पर्यटकांसाठी खोल्या आहेत. तिथला राउटर बिचारा त्या दिवसापासून गांगरला. त्याचं बोलणं माझ्या ओरडण्यात बुडायला लागलं. त्या घरच्यांना वाटलं, लाइनच खराब आहे.

आता नीट लक्ष द्या, मित्रांनो. यशोधनने माझा आवाज वाढवला. माझा कान वाढवला नाही, आणि अण्णांच्या मोबाइलचा आवाजही वाढवला नाही. मोबाइल तो केवढासा, त्याची बॅटरी ती केवढी! मी इथून ओरडलो की विहिरीवर त्याला स्पष्ट ऐकू जायचं. त्याने दिलेलं उत्तर मात्र सुपारीच्या झाडीत विरून जायचं. मोबाइलच्या पडद्यावर जी रेंज दिसते ती माझ्या आवाजाची असते. तुमचं बोलणं मला ऐकू येतंय की नाही, हे ती सांगत नाही.

हे यशोधनला कळायला हवं होतं. तो काही अडाणी नव्हता. त्याने गोठ्याजवळ उभं राहून आश्लेषाला फोन करून पाहिला, छान लागला. मग तो विहिरीवर गेला, पडद्याकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "फुल्ल! अण्णा, फुल्ल रेंज आहे!" तिथूनही तो फोन करून बघणार होता. तेवढ्यात, पंप बंद असल्याने, आईची हाक तिथवर पोचली, "अरे, पानं वाढलीत, भात निवतोय!" आणि तो जेवायला आला. जेवणानंतर त्याने अण्णांच्या मोबाइलमध्ये अशी व्यवस्था करून दिली, की वायफाय दिसलं की फोन वायफायवरूनच लागावा, टॉवरकडे जाऊच नये. संध्याकाळी तो पुण्याला गेला.

दुसऱ्याच दिवशी अण्णांना कळलं. विहिरीवरून त्यांनी प्रमोदिनीला फोन लावला. फुल्ल रेंज, आणि घंटाच वाजेना. त्यांनी चार वेळा लावून पाहिला. मग उठून गोठ्यापर्यंत आले आणि तिथून लावला. रविवारी यशोधनने विचारलं, "काय अण्णा, विहिरीवरून बोलताय ना आता?"

"अगदी स्वच्छ! तू शेजारी बसल्यासारखा," अण्णा म्हणाले. तेव्हा ते गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते.

प्रमोदिनीने ते ऐकलं. "अहो, खोटं कशाला सांगता त्याला?" त्यांनी विचारलं.

"अगं, पोराने सुट्टीचा अख्खा दिवस घालवलाय त्यात. दहा पावलं चालून बोललो तर माझं काय जातंय?"

बाईंना वाटलं, एखाद्या दिवसाची गोष्ट असेल. त्या विसरूनही गेल्या. अण्णा मात्र वर्षभर गोठ्यापर्यंत चालत येत राहिले, मुलाशी रोज बोलत राहिले आणि नामाला सांगत राहिले, "आमच्या यशोधनने विहिरीपर्यंत इंटरनेट नेलं हो!" माझा जीव तुटायचा. पण मला दुसऱ्यांचं बोलणं नेता येतं, स्वतःचं बोलता येत नाही.

मग ती मार्गशीर्षातली दुपार आली. अण्णा पंप सुरू करून आळ्याजवळ वाकले. वाळलेल्या झावळीखाली घोणस होती. तिने त्यांच्या पोटरीला दंश केला.

अण्णा घाबरले नाहीत. साप चावल्यावर पळायचं नाही, चालायचंही नाही, अंग हलवायचं नाही, स्वस्थ बसून मदत बोलवायची, हे त्यांनी शाळेत शेकडो मुलांना शिकवलं होतं. जे शिकवलं तेच त्यांनी केलं. विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसले आणि फोन काढला. फुल्ल रेंज होती. इथून फोन लागत नाही हे त्यांना माहीत होतं, पण वायफाय बंद केलं की टॉवर मिळतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी प्रमोदिनीला फोन लावला. ती माउली माझ्यापासून चार हातांवर ओटीवर तांदूळ निवडत होती, आणि तिचा फोन तिच्या मांडीशी पडला होता. अण्णांच्या मोबाइलची हाक माझ्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी यायची. एक तुकडा यायचा, पुढचे तीन गळायचे. मी ओरडून विचारायचो, पुन्हा सांग, पुन्हा सांग. माझं विचारणं त्याला लख्ख ऐकू जायचं आणि त्याचं सांगणं मला पोचायचं नाही. अण्णांनी पुन्हा लावला. यशोधनला लावला. मग निरोप लिहिले. तेही निघाले आणि वाटेत राहिले. त्यांनी हाका मारल्या असतील. पण पंप चालू होता आणि वाडी लांब होती.

माझा आवाज एक घटकाभर बंद पडला असता, तर त्या मोबाइलने निमूटपणे टॉवरची एक दांडी धरली असती आणि फोन लागला असता. त्या दिवशी वीजही गेली नाही. आमच्याकडे एरवी ती उठल्याबसल्या जाते.

ऊन उतरल्यावर अण्णांनी धडा मोडला आणि उठले. पाय सुजून जड झाला होता. उठत, बसत, शेवटी सरपटत ते गोठ्यापर्यंत आले. तिथे त्यांच्या मोबाइलचा आवाज मला एकदम साफ ऐकू आला, आणि अडकलेले सगळे निरोप मी एका दमात प्रमोदिनीच्या फोनवर टाकले. 'साप चावलाय. विहिरीवर ये.' 'अगं फोन घे.' 'नामाला पाठव.' 'घाबरू नकोस.' फोन एकसारखा वाजत राहिला. बाईंनी वाचलं आणि सूप तिथेच टाकून त्या धावल्या. तांदूळ ओटीभर पसरले.

नामाने त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. अलिबागच्या दवाखान्यात विषावरची लस दिली, तिथून मुंबईला हलवलं. पण विष फार वेळ अंगात राहिलं होतं. अण्णा घरी आले ते रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या चादरीखाली.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर, माणसं पांगल्यावर यशोधन एकटाच विहिरीवर गेला. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. अण्णांनी लगेच फोन का केला नाही? त्याने स्वतःचा फोन वायफायवरच ठेवला आणि घरातल्या आईला लावला. मी ओरडत होतो, त्याच्या पडद्यावर फुल्ल रेंज होती, आणि घंटा वाजत नव्हती. त्याने किती वेळा लावला ते मी मोजलं नाही. मग तो घरात आला, दार लोटून घेतलं, देशाच्या रकान्यात पुन्हा भारत लिहिलं आणि माझा आवाज कायद्याइतका खाली आणला. मला त्याची दया आली, मित्रांनो, आणि तितकाच रागही आला.

आता विहिरीवर प्रमोदिनी जातात. त्यांचा फोन तिथे टॉवरची एक दांडी धरतो आणि खरखरत का होईना, लागतो. मागच्या महिन्यात यशोधन आला होता. त्या त्याला म्हणाल्या, "अरे, यांच्या वेळी विहिरीपर्यंत कशी फुल्ल रेंज यायची! आता काहीच येत नाही. पहिल्यासारखं करून दे ना. तू ते केलंस म्हणून तर शेवटचं वर्षभर हे रोज तुझ्याशी बोलले. तेवढं तरी सुख मिळालं त्यांना."

यशोधनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "करतो आई." केलं काहीच नाही, आणि सांगितलंही नाही. बाई रोज तिथे जाऊन पडद्याकडे बघतात आणि आपल्या मुलाने केलेलं ते काम परत कधी सुरू होतंय याची वाट पाहतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना खुशाल उघडा, दुरुस्त करा, नवं आयुष्य द्या. मात्र हवेचे नियम पाळा. ते तुमच्या शेजाऱ्यासाठी आहेत आणि तुमच्यासाठीही. आवाज वाढवलात तर पलीकडे जाऊन एकदा बोलून बघा, जेवण निवलं तरी चालेल. आणि तुमच्या माणसाने प्रेमाने केलेली एखादी वस्तू चालत नसेल, तर त्याचं मन राखू नका. तोंडावर सांगा. तो दोन दिवस रुसेल. अण्णांनी सांगितलं असतं तर यशोधन असाच दोन दिवस रुसला असता.