जोमाची फूट

"आडवं मग व्हा, आधी मागं चला," म्हणत बायकोनं कलमवाल्याला रिक्षातून उतरवलं आणि थेट परसात नेलं. इस्पितळातून सुटलेला माणूस तिचा खांदा धरून चालत होता. पण तिचा चेहरा असा काही फुलला होता की त्याला नाही म्हणवेना.

धुण्याच्या दगडाशेजारी कुंडी होती आणि कुंडीत आंब्याचं हातभर रोप, तुकतुकीत पानांचं. तुम्ही गेलात तेव्हा किती मरतुकडं होतं, आता बघा, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

कलमवाल्याची हयात रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेली होती. पण या कलमाची गोष्ट वेगळी होती. त्यावर बांधलेली काडी लेकीच्या झाडाची होती. लेक इतकी बोलायची की सगळे तिला टकळीच म्हणत. तिनं आंबा खाऊन कोय कुंपणाशी पुरली आणि उगवली का म्हणून रोज उकरून बघितली. झाडाला पहिला मोहर येण्याआधीच ती तापानं गेली. घरातली टकळी थांबली ती थांबलीच. झाडाचे आंबे काही फार गोड नव्हते, कोयीजवळ तर आंबटच. तरी नवराबायको कोय पांढरी होईपर्यंत चोखत बसत.

रस्ता रुंद करायला झाड जाणार असं कळलं, तेव्हा त्यानं काड्या काढून कलमं बांधली. नेमका तेव्हाच हात चुकला मेला. एवढं एकच कलम जगलं. झाड पडलं आणि त्यामागोमाग त्यानंही अंथरूण धरलं.

इस्पितळात नेताना त्यानं बायकोला बजावलं होतं, "जोमाची फूट ठेव, बाकीच्या खुड." रोपवाटिकेत एवढं वाक्य पुरायचं. काडी मुळाच्या रोपाला जिथं बांधतात त्या जोडाच्या वरची, हे तिथं कुणाला सांगावं लागत नसे. जोडाखालून फुटतं ते मुळाच्या रोपाचं, कुठल्याशा बाजारी कोयीचं. आणि परकं असलं तरी नेहमी तेच जास्त फोफावतं.

तो कसाबसा वाकला. जोडाची पट्टी अजून तशीच होती. फूट पट्टीच्या खालून निघाली होती. वर लेकीची काडी होती तिथं वाळकं खोडकं उरलं होतं. त्यानं एक पान चुरगळून नाकाशी नेलं. वास ओळखीचा नव्हता.

"वरची कुठंय?" त्यानं विचारलं.

"ती होय? दोन पानं धरून नुसती बसली होती. खुडायला हात धजत नव्हता माझा. पण तुम्ही म्हणाला होतात ना."

त्याच्या तोंडात शिवी आली, पण ती द्यायची कुणाला? शब्द त्याचाच होता.

"मी बोलते हिच्याशी रोज," ती जरा लाजून म्हणाली. "येतील ना हो आंबे? तसेच?"

जन्मात त्यानं कुणाला खोटं कलम दिलं नव्हतं.

"येतील."

"कोयीजवळ आंबट?"

"आंबटच गं."

ती हसली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. त्याचा अंगठा जुन्या सवयीनं खुडायला फुटीच्या बुडाशी गेला, नखही टेकलं. आतून तिचा आवाज येत होता. भांडी हलवता हलवता ती एकटीच काहीबाही सांगत होती, मध्येच हसत होती. इतक्या वर्षांत या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

त्यानं अंगठा काढून घेतला. जवळची एक काटकी कुंडीत रोवली. सलाईनच्या जागेवर बांधलेली पट्टी हातावरून सोडवली आणि वाऱ्यानं मोडू नये म्हणून फूट त्या काटकीला बांधून टाकली.