भरल्या टाकीचा वास

निरवांगीच्या आबासाहेबांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचं त्यांनी कधी मनावरही घेतलं नाही. त्र्याण्णव साली पुण्यातल्या एका डॉक्टरची वापरलेली पांढरी मोटार त्यांनी घेतली, तेव्हा ती चालवायला समाधानला बोलावलं. समाधान हा बाजीरावांचा मुलगा. बाजीरावांचं रान आबासाहेबांच्या उसाला लागूनच होतं. पोरगा शांत होता, गाडी जपून हाकायचा. आबासाहेबांच्या पत्नीला, फुलाबाईंना, प्रवासात मळमळायचं, म्हणून खड्डा आला की तो आपसूक सावकाश व्हायचा. फुलाबाई डब्यात त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या बांधायच्या.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. बारामतीहून परत येताना फुलाबाईंनी नाकाला पदर लावला आणि खिडकी उघडायला सांगितली. समाधानने दुसऱ्याच दिवशी गाडी बारामतीला नेली. गॅरेजवाल्या रतनने इंजिन उघडलं, कारबोरेटर काढून धुतला, इंजिनाकडचा एक पाइप बदलला. वास गेला. पुढच्या आठवड्यात परत आला. पुन्हा गॅरेज, पुन्हा धुणं, पुन्हा काही दिवस बरे आणि मग तोच वास. शिवाय गाडी पेट्रोलही जास्त खात होती. समाधान म्हणत होता की दोष कारबोरेटरचाच असणार, जुना झालाय. त्याचं हे म्हणणं चुकीचं होतं, पण रतनचंही तेच म्हणणं होतं.

आबासाहेबांचा मुलगा रणजित कोल्हापूरला शिकून नुकताच घरी आला होता. त्याने एका सकाळी डिकी उघडली, तर स्टेपनीच्या मागे एक प्लास्टिकचं कॅन सापडलं. तळाशी थोडं पेट्रोल होतं. त्याने ते वडिलांना दाखवलं. गाडी पेट्रोल खात नाही, कुणीतरी काढून घेतंय, असं तो म्हणाला. आबासाहेबांनी आधी त्याला गप्प केलं. पण दिवसभर ते विचार करत राहिले, आणि संध्याकाळी समाधान किल्ली द्यायला ओट्यावर आला, तेव्हा त्यांनी कॅन त्याच्यापुढे ठेवलं.

समाधानने सांगितलं की कारबोरेटर धुवायला रतनने त्या कॅनमध्ये पेट्रोल काढलं होतं, उरलेलं तसंच राहिलं. खरं तेच होतं. पण सांगताना तो अडखळला, आणि आबासाहेबांना ते अडखळणं तेवढं दिसलं.

"हात दाव," ते म्हणाले.

समाधानने हात पुढे केले. आबासाहेबांनी त्याचं मनगट धरलं, हात नाकाशी नेला आणि हुंगला. हाताला पेट्रोलचा वास होता. दुपारीच गाडीखाली उताणा पडून तो गळती शोधत होता. पण हे त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. फुलाबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांना स्वतःचं हे गप्प राहणंच जास्त लागून राहिलं.

समाधानने किल्ली ओट्यावर ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. महिन्याभरात कळलं, की भिगवणला एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोवर तो लागला.

गाडी आता रणजित चालवू लागला. वास होताच. तरी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, कारण बोललं असतं तर त्या संध्याकाळचा विषय निघाला असता.

दिवाळी झाल्यावर फुलाबाईंना नरसिंहपूरला जायचं होतं; आबासाहेबही बरोबर निघाले. वाटेत इंदापूरला रणजितने टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपापासून पुढं वास इतका वाढला की फुलाबाईंचं डोकं गरगरू लागलं. देवळाजवळ उतारावर गाडी लावून तिघं दर्शनाला गेले. परत आले तर मागच्या चाकाजवळची माती ओली झालेली होती, आणि तिथंच एक म्हातारा बिडी पेटवायच्या तयारीत उभा होता. रणजितने धावत जाऊन त्याला लांब नेलं.

आबासाहेब धोतर सावरून जमिनीवर वाकले, मग सरळ आडवे झाले. टाकीच्या बुडाला एक थेंब धरत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. पण बूड कुठं फुटलेलं दिसेना. त्यांनी बोट लावून ओल वर वर तपासत नेली. पेट्रोल ओततात त्या तोंडापासून टाकीकडे एक जाड रबरी पाइप येत होता. टाकीला जिथं तो जोडला होता, तिथं वरच्या अंगाला रबर चिरलं होतं. बोट आत जाईल एवढी चीर. टाकी भरली की पेट्रोल तिथवर चढायचं, चढ-उताराला हिंदकळून बाहेर यायचं आणि टाकीच्या अंगावरून ओघळत भलतीकडेच गळायचं. टाकी थोडी रिकामी झाली की सगळं कोरडं.

ते उठून बसले. वास दर वेळी पंपावरून निघाल्यावरच यायचा. कारबोरेटर धुतला म्हणून तो कधी गेलाच नव्हता. पेट्रोल खाली उतरलं म्हणून गेला होता. रणजितने काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

रतनने नवा पाइप घातला, तेवढ्याने काम भागलं. त्याच संध्याकाळी आबासाहेब बाजीरावांच्या घरी गेले. समाधान भिगवणलाच होता. त्याच्या आईने, ताईबाईंनी, चहा ठेवला. आबासाहेबांनी पाइपाची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, की समाधानला परत पाठवा, पगार वाढवून देतो.

बाजीरावांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आबासाहेब, कॅन सापडलं, तुमाला शंका आली, ते मी समजू शकतो. पण तवा रणजितनं गाडी चालवली असती, तर त्याचा हात हुंगला असता का तुमी?"

ताईबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"त्यो न्हाय यायचा," बाजीराव म्हणाले. "आन् मी त्याला ये म्हणणार न्हाय."

घरी पोचल्यावर फुलाबाईंनी विचारलं की माफी मागितली का. तेव्हा आबासाहेबांच्या ध्यानात आलं, की आपण पाइपाबद्दल बोललो, पगाराबद्दल बोललो, आणि चुकलं एवढंच म्हणायचं राहून गेलं. परत जायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. आज ऊसतोड, उद्या पाहुणे, असं करत वर्ष गेलं.

पुढच्या वैशाखात समाधानचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला बाजीराव स्वतः आले, उभ्याउभ्याच देऊन गेले. आबासाहेब आणि फुलाबाई दोघंही लग्नाला गेले. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि लोक नवरा-नवरीला भेटायला रांगेत उभे राहिले. आबासाहेबांची पाळी आली. मागं बँड वाजत होता. त्यांनी समाधानच्या कानाजवळ तोंड नेलं.

"समाधान, माझं चुकलं. तवाच म्हणायला पायजे हुतं."

समाधानने ऐकलं. त्याने मान हलवली, हात जोडले.

"जेवल्याबिगर जाऊ नका आबासाहेब," तो म्हणाला, आणि मागच्या पाहुण्याकडे वळला.

दोघं पंगतीत बसले. फुलाबाईंनी हळूच विचारलं, "बोललात का?"

"बोललो."

"मग काय म्हणला?"

"जेवून जावा म्हणला."

वाढणारा बुंदी घेऊन आला. आबासाहेबांनी पानावर हात आडवा धरला नाही. वाढलं तेवढं सगळं ते हळूहळू खात राहिले.